सामानासकट सायकल : हरिहरेश्वर ते गुहागर, एका दिवसात

हरिहरेश्वरहून किनाऱ्याच्या रस्त्याने गुहागरला जायचं तर अंतर साधारण ११५ किलोमीटर भरतं. वाटेत दोन खाड्या, त्या फेरीबोटीने ओलांडायच्या. या आकड्याला कोणी घाबरत नाही. धडकी भरते ती मोबाइलवरचा चढउताराचा आलेख बघून. करवतीचे दात परवडले. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि वैशालीने हा टप्पा सगळं सामान लादून एका दिवसात केला. दोघी पन्नाशीच्या अलीकडच्या, दोघी नोकरदार, सायकली साध्या हायब्रीड. परत आल्यापासून ओळखीच्या बायका तेच तेच विचारतायत. सामान किती घेतलंत? बाथरूमचं काय केलंत? बोटीत सायकल घेतात का? अंधार पडला तर? प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा क्रमाने लिहून टाकते.

तयारी दिवाळीनंतर सुरू झाली. माझ्या सायकलला कॅरियर नव्हता. तो बसवायला १,८०० रुपये गेले आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना अडकवायच्या पॅनियर पिशव्यांना साडेचार हजार. वैशालीने तिच्या भाच्याच्या पिशव्या उसन्या घेतल्या. पाठीवर सॅक घेऊन जाण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. दोन तासांत खांदे भरून येतात आणि पाठ घामाने चिंब होते. वजन सायकलने वाहावं.

किती वजन, हे आम्ही कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर पाहिलं. पहिल्यांदा वैशालीचं सामान भरलं १७ किलो. त्यात जीन्स होती, पॉवर बँका दोन होत्या, आणि घरच्या चकल्यांचा डबा होता. चकल्या आम्ही तिथेच वाण्याला दिल्या. शेवटी तिचं १३ वर आलं, माझं ११ वर. दोन दिवसांचे सायकलचे कपडे, एक सलवार-कुर्ता, टॉवेलऐवजी पंचा, औषधं, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप, पाने, चेनचं तेल, सुकामेवा आणि पाणी. जड वस्तू पिशवीच्या तळाशी, आणि डाव्या-उजव्या पिशवीचं वजन सारखं. हे दुसरं फार महत्त्वाचं. एका बाजूला किलोभर जास्त झालं की उतारावर हँडल ओढल्यासारखं वाटत राहतं.

सरावासाठी पिशव्यांत तांदळाच्या पाच-पाच किलोच्या थैल्या भरून आम्ही डोंबिवलीहून रविवारी टिटवाळ्याला जायचो. लोक विचारायचे, "काय ताई, रेशन?" रिकाम्या सायकलची सवय असलेल्या माणसाला लादलेली सायकल सुरुवातीला परकी वाटते. उभं राहून पेडल मारता येत नाही, मागचा भाग डोलतो. ब्रेक लावल्यावर ती थांबायला वेळ घेते. टाच पिशवीला घासते, मग पिशवी मागे सरकवावी लागते. हे सगळं घराजवळच कळलेलं बरं.

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून मुरूड, दिघी, श्रीवर्धन असं छोट्या टप्प्यांत आम्ही हरिहरेश्वरला पोचलो होतो. तो भाग सोपा आहे, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. शुक्रवारी संध्याकाळी हरिहरेश्वरला बसून दुसऱ्या दिवसाचं गणित मांडलं आणि ते उलटं मांडलं, म्हणजे गुहागरपासून मागे. दाभोळची बोट खाडीपलीकडे धोपाव्याला सोडते. धोपाव्याहून गुहागर साधारण १८ किलोमीटर, तिथे रात्री आठपर्यंत पोचायचं, म्हणजे दाभोळची बोट साडेसहाची हवी. त्यासाठी दाभोळच्या अलीकडचं बुरोंडी गाव साडेचारला सोडायला हवं. साडेचारनंतर बुरोंडीला पोचलो तर पुढे जायचं नाही, लाडघरला परत फिरून मुक्काम करायचा, असं दोघींनी ठरवलं. लाडघरच्या एका घरगुती निवासात फोन करून खोली आहे का हेही विचारून ठेवलं. गुहागरच्या खोलीला ५०० रुपये आगाऊ गेले होते, ते परत मिळणार नव्हते. वैशाली म्हणाली, "पाचशे गेले तर गेले. ते पैसे आठवून अंधारात चढ चढायचा नाही." हे वाक्य पुढे कामाला आलं.

दोन्ही जेट्यांवर आदल्या दिवशी फोन केला. पहिली बोट किती वाजता, शेवटची किती वाजता, हे जेटीवरच विचारावं. इंटरनेटवर दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या वेळा सापडतात आणि ऋतूप्रमाणे त्या बदलतातही. खोलीचं बिल रात्रीच चुकतं केलं, कारण पहाटे मालकाला उठवणं बरं दिसत नाही. पाण्याच्या बाटल्या रात्री भरून ठेवल्या.

पावणेपाचला उठलो. चहा मिळणार नव्हता, म्हणून रात्री आणलेली केळी आणि खजूर खाल्ले. सव्वासहाला निघालो तेव्हा अंधार होता. पुढे पांढरा दिवा, मागे लाल. बागमांडल्याची जेटी पाच-सहा किलोमीटरवर आहे, अर्ध्या तासात पोचलो.

तिकीट खिडकीवर दरांचा फलक असतो. त्यात सायकलचा दर वेगळा दिलेला असतो, पण खिडकीतल्या मुलाने आमच्या पिशव्या पाहून विचारलं, "ही मोटरवाली आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने सायकलची तिकिटं फाडली. माणसांची वेगळी, सायकलींची वेगळी. चारही मिळून शंभराच्या आत. सुट्टे पैसे ठेवा, पहाटे पाचशेची नोट पाहून सगळेच वैतागतात. बोटीत आधी गाड्या घेतात, मग दुचाकी, सायकली शेवटी. आमची पाळी आली तेव्हा ओहोटी होती. ओहोटीला जेटीची उतरण लांब आणि तीव्र होते, खालच्या भागावर शेवाळं असतं. तिथे सायकलवर बसून उतरायचं धाडस नको. दोन्ही ब्रेक दाबून, सायकलच्या डाव्या बाजूने चालत उतरावं. बोटीवरच्या पोराने माझी सायकल कठड्याला दोरीने बांधून दिली, न सांगता.

ही खाडी सावित्रीची. महाबळेश्वरला उगम पावलेली नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. उजव्या हाताला बाणकोटचा डोंगर आणि वर किल्ला. शिवकाळानंतर आंग्र्यांकडे असलेला हा किल्ला १७५० च्या दशकात इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायला सुरुवात केली. खाडीवर पुलाचे अर्धवट खांब उभे दिसतात. शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हा पूल व्हायचा आहे, व्हायचाच आहे." पूल झाल्यावर सायकलवाल्यांचा अर्धा तास वाचेल हे खरं, पण मला ती दहा-पंधरा मिनिटांची बोट सगळ्या दिवसातली सर्वांत आवडती विश्रांती वाटली. पाय हलवायचे नाहीत आणि तरी पुढे जात राहायचं.

वेसवीला उतरल्यावर लगेच चढ. किनाऱ्याच्या रस्त्याची ही पद्धतच आहे. खाडीच्या काठावर उतरायचं, पलीकडे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, चढायचं, सड्यावरून चार-पाच किलोमीटर मोकळ्या वाऱ्यात जायचं, पुन्हा पुढच्या गावात उतरायचं. चढ एकेक दीड-दोन किलोमीटरचेच असतात, पण त्यांचं तोंड एकदम असतं, वळण घेतलं की समोर भिंत. रस्त्याने वळण घेण्याआधीच सगळ्यात हलका गिअर टाकून ठेवायचा. चढावर वजन असताना गिअर बदलायला गेलं की चेन करकरते आणि कधीकधी उतरते.

आमचा नियम असा होता की चढावर कोणी कोणासाठी थांबायचं नाही. वैशाली माझ्यापेक्षा बारीक आणि चिवट, ती पुढे जाते. मी माझ्या गतीने जाते. जी पुढे असेल तिने चढ संपला की थांबायचं, आणि रस्त्याला फाटा असेल तर फाट्यावर थांबायचं, मग कितीही उशीर होवो. दोघींनी जोडीने चढायला गेलं की एकीचा दम लागतो आणि दुसरीला कंटाळा येतो. मैत्री टिकवायची असेल तर चढ एकेकटीने चढावेत.

मांदिवलीच्या पुलावरून भारजा नदी ओलांडून केळशीत पोचायला पावणेदहा वाजले. केळशीत घरं एकमेकांना खेटून, आणि गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून एसटी आली तर सायकल घेऊन कोणाच्या तरी पडवीत चढावं लागतं. आम्हीही चढलो. त्या पडवीतल्या आजी म्हणाल्या, "बसा की. एवढं ओझं घेऊन कुठं चाललाव?" गुहागर म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे आणि मग सायकलींकडे बघितलं. "आणि घरचे?" वैशाली म्हणाली, "घरचे घरी आहेत, आजी." त्यावर त्या इतक्या हसल्या की आतून सून बघायला आली. बाथरूमचा प्रश्न इथे सुटला. हे मुद्दाम लिहिते, कारण बायकांना हाच प्रश्न सगळ्यात आधी पडतो. कोकणात गावातल्या कुठल्याही घरी विचारलं तर मागच्या दारी जायला कोणी नाही म्हणत नाही. देवळांच्या आवारात आणि एसटी स्टँडवर सोय असते, पण घर केव्हाही बरं. सायकल चालवताना कमी पाणी पिऊन ही अडचण टाळायला जाऊ नका, दुपारी डोकं धरतं.

नाश्त्याला घावणे आणि चहा, दोघींचे १४० रुपये. बाजूला शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि हँडलच्या पिशवीत टाकली. चाळीस मिनिटांत निघालो.

केळशीहून उटंबर, आडे, पाडले असा रस्ता अंजर्ल्याला जातो. उटंबरचा चढ चांगलाच आहे. तिथे मी उतरून सायकल ढकलली. ढकलायला लाज वाटायचं कारण नाही, पण ढकलायचं तंत्र आहे. एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या मागे, आणि अंगाने सायकल रेटायची. नुसतं हँडल धरून ओढलं की मागचं ओझं खाली खेचतं. यासाठीच आम्ही पेडलला क्लिपने अडकणारे बूट आणले नव्हते, साधे खेळाचे बूट होते. चढावर जांभ्याचे चिरे भरलेले ट्रक आमच्याच वेगाने चढत होते. क्लीनर मुलगा खिडकीतून वाकून म्हणाला, "मावशी, मागून दोरी बांधू का?" काजूला मोहोर आलेला, आंब्याच्या बागांवर राखणदार माकडांना हाकलत ओरडत होते.

आडे ते पाडले हा तुकडा मात्र चैनीचा. रस्ता अगदी समुद्राला लागून जातो, सपाट, उजवीकडे पाणी. आणि नेमका तिथेच खडखडाट सुरू झाला. वैशालीचा कॅरियर मागच्या चाकाजवळ एका बाजूने सुटला होता, बोल्ट खडबडीत रस्त्यावर कुठेतरी पडलेला. शोधून उपयोग नव्हता. सायकलीतली ही गोष्ट कोणालाही उपयोगी पडेल. कॅरियरचा बोल्ट आणि पाण्याची बाटली ठेवायचा जो पिंजरा असतो त्याचा बोल्ट, दोन्ही बहुतेक सायकलींत एकाच मापाचे, ५ मिलिमीटरचे असतात. वैशालीच्या सायकलला दोन पिंजरे होते. एकाचे दोन्ही बोल्ट काढले, एक कॅरियरला लावला, दुसरा खिशात ठेवला. बाटली गेली मागच्या पिशवीत. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात एक रिक्षावाला, दोन शाळकरी पोरं आणि एक मासे विकायला निघालेल्या मावशी असे सगळे सल्ला द्यायला थांबले. मावशींचा सल्ला सगळ्यात चांगला होता, "आधी बाकीचे पण घट्ट करून घ्या." ते केलं, तेव्हा माझ्या कॅरियरचेही दोन ढिले निघाले. लादलेल्या सायकलचे बोल्ट रोज सकाळी तपासावेत, आणि चार जादा बोल्ट जवळ ठेवावेत. चाळीस रुपयांचं काम आहे.

अंजर्ल्याला बारा वाजले. कड्यावरचा गणपती वर डोंगरावर आहे. माझी आई इथे नवस फेडायला आली होती, त्यामुळे वर जायची फार इच्छा होती. पण वर जाऊन येणं म्हणजे तास-सव्वा तास, आणि ऊन डोक्यावर. खालून हात जोडले. वैशाली म्हणाली, "एसटीने ये परत, आईला घेऊन." जोग नदीच्या खाडीवर आता पूल आहे, त्यावरून पाजपंढरी आणि हर्णै. पूल नव्हता तेव्हा इथेही होडीने जावं लागायचं.

हर्णै बंदरात मासळीचा वास आणि सुकत घातलेल्या जाळ्यांमधून वाट. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. मराठ्यांच्या आरमाराचा हा महत्त्वाचा किल्ला, १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. आम्ही त्याच्याकडे बघत भात, डाळ, तळलेली सुरमई आणि दोन-दोन वाट्या सोलकढी घेतली. दोघींचे ६२० रुपये, दिवसातला सगळ्यात मोठा खर्च. दुपारी भरपेट जेवून सायकल चालवू नये असं सगळे सांगतात. आम्ही निम्मंच जेवलो, भात कमी घेतला, आणि झाडाखाली सतरंजीवर पाय भिंतीला वर लावून पाऊण तास पडून राहिलो. जानेवारी असला तरी कोकणातलं दुपारचं ऊन चावतं. बाटलीत ओआरएसची पुडी टाकली. सव्वादोनला निघालो.

जेवणानंतरचा तास दर वेळी वाईट असतो. पाय जड, दोघी गप्प. दापोलीजवळच्या या मुरुडमध्ये शिरलो तेव्हा महर्षी कर्व्यांचा पुतळा दिसला आणि वैशालीने सायकल थांबवली. मुरुड हे कर्व्यांचं गाव. १८७५ च्या सुमारास, सतरा-अठरा वर्षांचे असताना, ते परीक्षेला बसण्यासाठी इथून सोबत्यांबरोबर साताऱ्याला चालत गेले होते. वाटेत कुंभार्ली घाट. चार दिवस चालून पोचले आणि परीक्षा घेणाऱ्यांनी, मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, म्हणून बसू दिलं नाही. वैशाली शाळेत मराठी शिकवते, तिला हे सगळं पाठ. तिने ते रस्त्यात उभं राहून मला सांगितलं, आणि मग म्हणाली, "आपल्याला तर कोणी दाखला पण मागत नाहीये. चल." 

कर्दे, मग पुन्हा चढ, मग लाडघर. लाडघरच्या उतारावर ब्रेकची परीक्षा झाली. लादलेली सायकल उतारावर फार वेग घेते. सतत ब्रेक दाबून ठेवला की रिम तापते आणि पॅड झिजतात. म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, मागचा आधी आणि पुढचा त्याच्या जोडीला. आमचे ब्रेक रबरी पॅडचे. निघण्याआधी नवीन बसवले होते, तरी त्या दिवसात ते दिसण्याइतके झिजले.

बुरोंडीला पोचलो तेव्हा घड्याळात चार वाजून वीस मिनिटं. टेकाडावर पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुरामाचा मोठा पुतळा दिसतो, तिथे थांबलो. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी. इथे आमचं दिवसातलं एकमेव भांडण झालं. माझं म्हणणं होतं की थांबावं. पोटऱ्या आखडल्या होत्या, पुढचे दोन चढ मला नकाशात दिसत होते, आणि दहा मिनिटं ही काही खरी शिल्लक नव्हे. वैशालीचं म्हणणं, "साडेचार ठरलं होतं ना? साडेचार वाजलेत का? नाही. मग?" मी म्हटलं, "अगं, तुझ्या हिशोबात माझे गुडघे धरलेस का?" ती काही बोलली नाही. तिने तिच्या पिशवीचं तोंड उघडलं, माझ्या डाव्या पिशवीतली हत्यारांची थैली आणि दोन लिटर पाणी काढून स्वतःकडे घेतलं, आणि उजवीकडचे माझे कपडे त्याच्या भरपाईला मध्ये सरकवून वजन सारखं केलं. तीन किलो तरी गेले असतील. मग चिक्की माझ्या हातात दिली. बरोबर साडेचारला आम्ही बुरोंडी सोडली.

जोडीने जायचा हाच खरा फायदा असतो. एकटीने गेलं तर तीन किलो कोणाला देणार?

कोळथऱ्याकडचा रस्ता सावलीचा आहे, नारळी-पोफळीच्या बागा, पाट वाहतायत. दमलेलो नसतो तर तिथे तासभर रेंगाळलो असतो. पंचनदी गावावरून पुढचा चढ मी निम्मा चालत चढले. वर पोचले तर वैशाली रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली, सायकल झाडाला टेकवून. मी घाबरले. ती डोळे न उघडता म्हणाली, "तुझं पाणी फार जड आहे." दोन्ही फोनना इथे रेंज नव्हती. असा भाग येणार हे माहीत असल्यामुळे घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की फोन दाभोळच्या जेटीवरून येईल, सातपर्यंत आला नाही तरच काळजी करा. नकाशाही फोनमध्ये उतरवून घेतलेला होता.

दाभोळला उतरताना वासिष्ठीची रुंद खाडी एकदम समोर येते. हे एकेकाळचं मोठं बंदर. बहामनी काळात इथून जहाजं दूरदूर जायची, १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगिजांनी ते जाळलं. जेटीच्या वाटेवर आदिलशाही काळातली मशीद आहे, तिचा घुमट संध्याकाळच्या उन्हात दिसला तेवढाच. सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही तिकीट खिडकीपाशी होतो. दाभोळ–धोपावे ही या किनाऱ्यावरची गाड्या नेणारी पहिली फेरीबोट, २००३ साली सुरू झालेली, आणि इथली माणसं सायकलवाल्यांना सरावलेली आहेत. रांगेत उभं राहायला सांगितलं, पण चौकशा झाल्या नाहीत. घरी फोन केले. वडापाव आणि चहा, ऐंशी रुपये. बोटीवर चढल्यावर मी सायकलला टेकून उभी राहिले ती पलीकडे पोचेपर्यंत बसलेच नाही, कारण बसले असते तर उठवत नव्हतं.

धोपाव्याला अंधार पडायला लागला होता. अंधारातले १८ किलोमीटर हा टप्पा आम्ही ठरवूनच घेतला होता, त्यामुळे दिवे दुपारी हर्णैला चार्ज केलेले होते. पुढचा दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, खड्डे दिसतात. मागचा लुकलुकता चालतो. पिशव्यांवर चकाकणारी पट्टी असते, ती चिखलाने झाकली गेली असेल तर पुसून घ्या. रस्ता विचारला तर जेटीवरच्या माणसाने सांगितलं, "एन्रॉनवरून सरळ." वीज प्रकल्पाचं नाव कधीच बदललंय, कंपनीही बदलली, पण इथे अजून एन्रॉनच. प्रकल्पाचे दिवे लांबून दिसतात आणि बराच वेळ जवळच येत नाहीत. या टप्प्यात आम्ही नियम बदलला, चढ असो की उतार, एकीच्या मागे दुसरी, दहा फुटांवर. दोन ठिकाणी कुत्री मागे लागली. कुत्र्यांसाठी पळायचं नाही. सायकल थांबवून खाली उतरायचं, सायकल मध्ये धरायची, ओरडायचं. भुंकून निघून जातात. वैशालीचा वर्गातला आवाज तिथे फार उपयोगी पडला.

गुहागरच्या बाजारपेठेत शिरलो तेव्हा आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. व्याडेश्वराच्या देवळासमोर थांबून दोघींनी घरी फोन केले. ॲपने दिवसभराची चढाई १,८०० मीटरच्या आसपास दाखवली, ते मी वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "नंतर सांग. आधी आंघोळ."

खोली तळमजल्यावरची मागितली होती, सायकली आत घेता याव्यात म्हणून. हे फोनवर आधीच स्पष्ट करून घ्यावं, नाहीतर रात्री पिशव्या काढून जिना चढावा लागतो. भाडं १,४०० रुपये, जेवण वेगळं. मालकांनी दोघींच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स घेतल्या. त्या घरूनच नेल्या होत्या, गावात आठनंतर झेरॉक्सचं दुकान उघडं नसतं. मग त्यांनी जाड रजिस्टर काढलं. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार, येण्याचं कारण. आणि शेवटचा रकाना, वाहन क्रमांक.

"सायकल आहे," मी म्हटलं.

"हो, पण क्रमांक लिहावा लागतो. पोलिस तपासायला येतात, रकाना रिकामा दिसला की बोलतात."

मी सांगून पाहिलं की सायकलला पासिंग नसतं. ते विचारात पडले. मग वैशाली म्हणाली, सायकलच्या सांगाड्यावर नंबर असतो, तो लिहा. (तो घरी असतानाच लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर तोच विचारतात.) आम्ही अर्थातच लिहून ठेवला होता, फोनमध्ये. दोन्ही फोन तोपर्यंत बंद पडले होते. तेव्हा अंगणात सायकली उलट्या केल्या, पेडलच्या आसाखाली चिखल होता तो ओल्या फडक्याने पुसला, मालकांच्या मुलाने बॅटरी धरली आणि वैशालीने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. मालकांनी ते सगळं रकान्यात बसवलं, दोन ओळींत.

"आणि दुसरीचा?" ते म्हणाले.